हेप्टॅथलॉन आणि पेंटॅथलॉन : फरक फक्त दोन प्रकारांचा नाही

अ‍ॅथलेटिक्समधील महिलांच्या हेप्टॅथलॉन (सात प्रकारांची) आणि पेंटॅथलॉन (पाच प्रकारांची) या स्पर्धांची गल्लत नेहमी होते आणि दुसरी म्हणजे पहिलीचीच आटोपशीर आवृत्ती, असे सर्रास मानले जाते. मोजदादीपुरते ते ठीक आहे. पण गळणारे दोन प्रकार नेमके कोणते आहेत, यावर खेळाडूचे बरेच काही अवलंबून असते. लात्वियाच्या लाउरा इकाउनिएत्से हिची कारकीर्द पाहिली की हे चटकन लक्षात येते.

दोन्हींत प्रत्येक प्रकारातील कामगिरीला गुण मिळतात आणि त्यांच्या बेरजेवर निकाल ठरतो. हेप्टॅथलॉन खुल्या मैदानावर दोन दिवस चालते. पहिल्या दिवशी १०० मीटर अडथळा शर्यत, उंच उडी, गोळाफेक आणि २०० मीटर धावणे, तर दुसऱ्या दिवशी लांब उडी, भालाफेक आणि ८०० मीटर असा क्रम असतो. पेंटॅथलॉन हिवाळ्यात, इनडोअर मैदानावर एकाच दिवसात उरकते. तिथे अडथळा शर्यत ६० मीटरची असते आणि २०० मीटर व भालाफेक हे दोन प्रकार नसतात. (तलवारबाजी आणि पोहणे असलेले मॉडर्न पेंटॅथलॉन हा निराळाच खेळ आहे.) ऑलिंपिकमध्ये १९६४ ते १९८० या काळात महिलांसाठी पेंटॅथलॉनच होते, तेही खुल्या मैदानावर; १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला त्याची जागा हेप्टॅथलॉनने घेतली आणि भाला या स्पर्धेत आला.

इकाउनिएत्सेची खरी कमाई २०० मीटर आणि भालाफेक याच दोन प्रकारांत आहे. तिची आई व्हिनेता ही लात्वियाची विक्रमवीर धावपटू, आणि भालाफेकीत तर या छोट्या देशाला यानिस लूसिससारखे ऑलिंपिक विजेते लाभलेले. ऑस्ट्रियातील गोट्झिस येथे २०१७ मध्ये तिने ६,८१५ गुणांचा राष्ट्रीय विक्रम केला, तेव्हा २०० मीटरमधील २३.४९ सेकंदांनी १,०३० आणि ५६.१७ मीटरच्या भालाफेकीने ९८० गुण मिळवून दिले. म्हणजे जवळजवळ तीस टक्के गुण पेंटॅथलॉनमध्ये नसलेल्या प्रकारांतून आले.

त्या विक्रमामागे बरीच वाटचाल होती. २०१२ मध्ये हेलसिंकीच्या युरोपीय स्पर्धेत ती तिसरी आली आणि पुढे उत्तेजक द्रव्यांच्या कारणाने दुसऱ्या खेळाडूचा निकाल रद्द झाल्यावर तिला रौप्य मिळाले. २०१५ मध्ये बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत ६,५१६ गुणांसह तिने कांस्य जिंकले. पुढच्याच वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये तिचे गुण शंभराने वाढून ६,६१७ झाले, तरी ती चौथी राहिली. कांस्यपदक ३६ गुणांनी हुकले. उंच उडीत १.७७ मीटरला ९४१ आणि १.८० मीटरला ९७८ गुण मिळतात, म्हणजे हे अंतर आडव्या दांडीच्या एका पायरीएवढेही नव्हते. गोट्झिसचे ६,८१५ गुण रिओत सुवर्णपदकाला पुरले असते, कारण तिथे बेल्जियमच्या नाफिसातू थियामने ६,८१० गुणांवर ते जिंकले होते. प्रत्यक्ष गोट्झिसमध्ये मात्र त्या गुणांनी तिसरा क्रमांकच मिळाला, कारण थियामसह दोघी पुढे राहिल्या; थियामने त्या वेळी ७,०१३ गुण केले.

गोट्झिसला इकाउनिएत्सेची उंच उडी १.७७ मीटरचीच होती. हेप्टॅथलॉनमध्ये या एका प्रकाराचा वाटा साधारण एक सप्तमांश असतो आणि कमी पडलेले गुण भाल्याने किंवा २०० मीटरने भरून काढता येतात. पेंटॅथलॉनमध्ये तोच वाटा एक पंचमांशावर जातो आणि भरपाईच्या या दोन्ही वाटा बंद होतात. उंच उडीत २.०२ मीटरपर्यंत मजल मारणाऱ्या थियामला हे गणित मानवते. २०२३ मध्ये इस्तंबूलला ५,०५५ गुणांचा पेंटॅथलॉनचा विश्वविक्रम तिनेच केला.