विमानाचं अंतर वेगळं, विमानाचा वेळ वेगळा

पुणे ते दिल्ली हवाई अंतर साधारण ११५० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ८०० धरला तर दीड तासाच्या आत पोचायला हवं, मग तिकिटावर सव्वादोन तास कसे? सुट्ट्या जवळ आल्या की सोसायटीच्या ग्रुपवर हा प्रश्न हमखास पडतो आणि खाली कुणीतरी 'कंपन्या फसवतात' असं ठोकून देतं. फसवत कुणी नाही, हा भागाकारच चुकीचा आहे.

अंतराबद्दल फार सांगायला नको. पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेलं दोन विमानतळांमधलं ते सर्वांत कमी अंतर. विमान ठरलेल्या हवाई मार्गांनी जातं, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं जास्त कापतं. दुबईच्या तिकिटावरच्या वेळा वजा केल्या तर जाताना वेळ कमी आणि येताना जास्त दिसतो, तो घोळ तर निव्वळ घड्याळाचा, दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे.

खरी मेख तिकिटावरच्या वेळेत आहे. ती हवेतली वेळ नाही. ट्रॅक्टर विमानाला बेमधून, म्हणजे उभं राहण्याच्या जागेतून, मागे ढकलायला लागला की ती सुरू होते आणि पलीकडच्या विमानतळावर विमान बेमध्ये उभं राहिलं की संपते. मधलं जमिनीवरचं सगळं त्यात धरलेलं असतं. लोहगावची, म्हणजे पुणे विमानतळाची, धावपट्टी हवाई दलाची. सुखोई लढाऊ विमानांचं उड्डाण चालू असेल तर आपलं विमान कडेला थांबतं, खिडकीतून एकामागून एक सुखोई सुटताना दिसतात आणि मागच्या रांगेतून 'झालं लेट' ऐकू येतं. कागदावर मात्र विमान वेळेवर सुटलेलं असतं, कारण बे सोडली तीच सुटण्याची वेळ. दिल्लीला उतरायची रांग, उतरल्यावर टर्मिनलपर्यंतचं लांबलचक टॅक्सीइंग, म्हणजे विमानाचं जमिनीवरून चालत जाणं, हेही त्याच सव्वादोन तासांत. म्हणून कॅप्टन 'उड्डाणाचा वेळ पावणेदोन तास' म्हणतो तेव्हा तो आणि तिकीट दोघंही बरोबर असतात. कंपन्या काही मिनिटं जास्तीची धरतात हे खरं. मला ते पसंत आहे; पुढचं विमान पकडायचं असेल तर ती मिनिटंच कामी येतात.

भागाकाराचा फोलपणा पाहायचा तर पुणे-मुंबई घ्या. हवाई अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ताशी ८०० ने दहा मिनिटंही नाहीत. या मार्गावर विमान असतं तेव्हा तिकिटावर तासाभराचा वेळ असतो. इतक्या छोट्या टप्प्यात विमान ८०० चा वेग गाठतच नाही. दहा हजार फुटांच्या खाली २५० नॉटची, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटरची मर्यादा असते. टॅक्सीइंग, चढण, उतरण यांचा वेळ अंतर कमी म्हणून त्याच प्रमाणात कमी होत नाही. मोठ्या पल्ल्यात तो झाकला जातो, छोट्यात उघडा पडतो.

वाऱ्याचा हिशेबही याच वेळेत येतो. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात, त्यामुळे पुण्याहून कोलकात्याला जाताना लागतो त्याहून परतीला जास्त वेळ लागतो. किलोमीटर दोन्हीकडून तेवढेच.

आणायला येणाऱ्याला मी तिकिटावरची पोचायची वेळच कळवतो आणि चेक-इन बॅग असेल तर त्यात अर्धा तास वाढवून सांगतो. ॲपवर 'लँडेड' दिसलं म्हणून त्याने लगेच टर्मिनलसमोर येऊन गाडी उभी करू नये. विमान अजून बेपर्यंत यायचं असतं.