इटलीत जाऊन इंग्रजी कादंबऱ्या: प्रवासातल्या वाचनाची पार्श्वभूमी

ज्या देशात जायचं त्या देशात घडणारी एखादी कादंबरी बॅगेत टाकावी, हा सल्ला आता कुणीही देतं. सवय जुनीच आहे. पण तिचा इतिहास बघितला तर एक विचित्र गोष्ट दिसते. परमुलखात गेलेले वाचक बराच काळ तिथल्या लोकांचं लिखाण वाचतच नव्हते. आपल्याच माणसांनी त्या मुलखाबद्दल काय लिहिलंय, ते वाचत होते. इटलीच्या बाबतीत हे सगळ्यात ठळकपणे घडलं.

सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या श्रीमंत घरांतली तरुण मुलं सोबत एखादा शिक्षक घेऊन फ्रान्समार्गे इटलीला जात. या फेरीला ‘ग्रँड टूर’ म्हणत. व्हर्जिल आणि होरेस हे जुने लॅटिन कवी शाळेतच घोटून घेतलेले असल्यामुळे इटली त्यांना जवळजवळ पाठ असायची, फक्त ती सतराशे वर्षांपूर्वीची. इंग्रज लेखक जोसेफ ॲडिसनचं इटलीच्या प्रवासाचं पुस्तक १७०५ साली निघालं. निघण्याआधी आपण जुने लॅटिन लेखक पुन्हा चाळले आणि उपयोगी पडतील असे उतारे टिपून ठेवले, हे तो प्रस्तावनेतच सांगतो. मग पुस्तकभर नदी आली की कवितेची ओळ, डोंगर आला की कवितेची ओळ. १७४० मध्ये इटलीतच असलेल्या होरेस वॉलपोलने मित्राला लिहिलेल्या पत्रात ॲडिसनला टोला हाणला: ॲडिसन इटलीतून हिंडलाच नाही, तो कवींमधून हिंडला.

टोला बरोबर बसला असला तरी ॲडिसनची बाजूही समजून घ्यायला हवी. पडक्या भिंतींची ओळख पटवायला तेव्हा जुन्या ग्रंथांइतका दुसरा आधार नव्हता. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅमने हेच केलं. ह्युएनत्संगच्या सातव्या शतकातल्या प्रवासवर्णनाचा अनुवाद हाताशी ठेवून, त्यातल्या दिशा आणि अंतरं मोजत तो उत्तर भारतातली बौद्ध स्थळं शोधत फिरला.

ग्रंथातली घटना जिथे घडली तिथेच जाऊन तो वाचायचा, ही कल्पना त्याहूनही जुनी. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरुसलेमकडे गेलेली एगेरिया ही यात्रेकरू लिहून ठेवते, की प्रत्येक पवित्र जागी पोचलं की बायबलमधला त्या जागेचा उतारा वाचला जाई. मराठी माणसाला यात नवल वाटणार नाही. गाणगापूरला मुक्काम करून गुरुचरित्राचा सप्ताह करणारे आजही आहेत. पोथीत अष्टतीर्थांचं वर्णन वाचायचं आणि भीमा-अमरजेच्या संगमाला जाऊन त्याच तीर्थांचं स्नान करायचं. मात्र पारायण करणारा स्वतः त्या पोथीच्या परंपरेतला असतो. ग्रँड टूरवरचा तरुण इटलीत उपराच होता, आणि त्याच्या हातातलं पुस्तक समोरच्या जिवंत इटालियन माणसाबद्दल काहीच सांगत नव्हतं.

लॅटिन कवींची ही गादी एकोणिसाव्या शतकात इंग्रजी कवींकडे आली. वॉल्टर स्कॉटचं ‘द लेडी ऑफ द लेक’ हे दीर्घकाव्य १८१० मध्ये आलं आणि स्कॉटलंडमधल्या लॉक कॅट्रिन या सरोवराकडे गाड्यांची रीघ लागली. इटलीची सूत्रं बायरनने घेतली. त्याचा प्रकाशक जॉन मरे. या मरेच्या मुलाने १८३६ पासून प्रवाशांसाठी ‘हँडबुक’ काढायला सुरुवात केली आणि घरच्याच बायरनच्या ओळी त्यात मुबलक छापल्या. व्हेनिसच्या पुलावर काय वाटून घ्यायचं, हे असं आधीच ठरलेलं! जर्मनीत कार्ल बेडेकर या प्रकाशकाची लाल मार्गदर्शक पुस्तकंही याच सुमारास रूढ झाली. रस्ते, खानावळी, भाडी, संग्रहालयं हा सगळा मजकूर आता या मार्गदर्शिकांनी सांभाळला. कवितेवरचा आणि कादंबरीवरचा माहिती पुरवण्याचा बोजा उतरला, आणि त्यांना प्रवाशाच्या दुसऱ्या खिशात जागा मिळाली.

हा दुसरा खिसा कुणी ओळखला असेल तर लाइपझिगच्या बर्नहार्ड टाउख्निट्झने. १८४१ पासून त्याने इंग्रजी पुस्तकांच्या स्वस्त, कागदी वेष्टनातल्या आवृत्त्या काढल्या, त्याही फक्त युरोपच्या मुख्य भूमीवर विकण्यासाठी. ती पुस्तकं ब्रिटनमध्ये नेऊ नयेत, अशी सूचनाही त्यांच्यावर छापलेली असे. लेखकांना पैसे देण्याची कायदेशीर सक्ती नव्हती तेव्हापासून तो ते देत होता, त्यामुळे लेखकही खूश. रेल्वे वाढली तशी ही माला वाढत गेली आणि अखेर पाच हजारांपुढे गेली.

या मालेतली एक कादंबरी जरा जवळून बघण्यासारखी आहे. अमेरिकन लेखक नॅथॅनिएल हॉथॉर्न दीडेक वर्ष इटलीत राहिला आणि १८६० मध्ये त्याची ‘द मार्बल फॉन’ आली. कथा रोममधल्या परदेशी कलावंतांची. सुरुवात होते कॅपिटोलिन संग्रहालयातल्या एका पुतळ्यापाशी. टाउख्निट्झने ती दोन भागांत काढली. पुढे रोम आणि फ्लॉरेन्सच्या पुस्तकविक्रेत्यांनी एक धंदा शोधून काढला. गिऱ्हाइकाने कादंबरी घ्यायची, शहराचे सुटे फोटो निवडायचे, आणि दुकानदाराने ते त्या त्या पानासमोर चिकटवून, पांढऱ्या चर्मपत्राची सोनेरी नक्षीदार बांधणी करून पुस्तक हाती द्यायचं. पुतळ्याच्या प्रकरणासमोर पुतळा, खुनाच्या प्रकरणासमोर खून जिथे होतो तो कडा. नायिका हिल्डा ज्या बुरुजात राहते आणि जिथे मेरीच्या मूर्तीपुढचा दिवा विझू देत नाही, तो बुरुजही रोममध्ये खरोखर आहे. पर्यटक त्याला ‘हिल्डाचा बुरुज’ म्हणू लागले. फोटो ज्याचे त्याने निवडलेले, म्हणून एक प्रत दुसरीसारखी नसे. आज ग्रंथालयांत जपलेल्या या प्रती मला कुठल्याही प्रवासवर्णनापेक्षा बोलक्या वाटतात, कारण प्रवाशाला काय बघायचं होतं ते त्यांत सरळ दिसतं: पुतळे, चर्च, भग्नावशेष.

यातली खरी मेख हॉथॉर्नच्या प्रस्तावनेत आहे. इटालियन लोकांच्या रीतिभाती रंगवण्याचा आपला हेतू नाही, इटली आपल्याला एखाद्या काव्यमय परिराज्यासारखी उपयोगी पडली, असं त्याने स्वच्छ लिहिलं होतं. आणि तेच पुस्तक घेऊन माणसं रोम समजून घ्यायला निघाली.

ई. एम. फॉर्स्टरला हा विनोद कळला होता. त्याच्या १९०८ च्या ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ मध्ये एक लेखिकाबाई नायिकेच्या हातातलं बेडेकर काढून घेतात, ‘खरी इटली’ दाखवायचं कबूल करतात आणि तिला मध्येच सोडून चालत्या होतात. या बाई स्वतः इटलीवर कादंबरी लिहीत असतात! गंमत म्हणजे आज फ्लॉरेन्सला जाणारे हीच कादंबरी सोबत नेतात.

चित्र पालटायला अनुवादच लागले. आपल्याकडे ते तसं लवकर झालं. मामा वरेरकरांमुळे बंगाली कादंबरीकार शरदबाबू मराठीत आले, तेव्हा बंगालला जाणाऱ्या वाचकाला गोऱ्या साहेबाचं पुस्तक शोधावं लागलं नाही. पुलं तर पन्नाशीच्या आसपास बंगाली शिकायला थेट शांतिनिकेतनात जाऊन राहिले. इंग्रजी वाचकाचा इटलीशी असा व्यवहार खूप उशिरा, आणि इटालियन लेखिका एलेना फेरांतेच्या नेपल्सवरच्या चार कादंबऱ्यांनी (२०११ ते २०१४) मोठ्या प्रमाणावर झाला. ॲन गोल्डस्टीनचा अनुवाद घेऊन लोक रेल्वे स्टेशनच्या पूर्वेच्या रिओने लुझ्झात्ती या कामगारवस्तीत जाऊ लागले. तिथे पुतळे नाहीत, भग्नावशेष नाहीत. पुस्तकात वस्तीचं नावही दिलेलं नाही, ते वाचकांनीच ताडलं. नेपल्सची बोली तर फेरांते फारशी लिहीतच नाही. अमुक जण बोलीत ओरडला, एवढंच सांगून पुढे जाते. ती बोली ऐकायला त्या गल्लीतच उभं राहावं लागतं.