बायका मागत नाहीत? पगाराच्या वाटाघाटींमागचा इतिहास

पगाराचा आकडा ठरताना बायका गप्प बसतात, हे वाक्य आता करिअरच्या प्रत्येक कार्यशाळेत ऐकू येतं. त्याचं वय मात्र फार नाही. त्याआधी बोलबाला होता तो ‘काचेच्या छता’चा, म्हणजे बायकांना वरच्या पदांपर्यंत पोचू न देणाऱ्या न दिसणाऱ्या अडसराचा. हा शब्दप्रयोग 1978 मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका चर्चासत्रात झाला आणि 1986 मध्ये एका आर्थिक दैनिकाच्या लेखानंतर सगळ्यांच्या तोंडी बसला. अमेरिकेत 1991 च्या कायद्याने त्यावर आयोगच नेमला गेला. मोठ्या कंपन्यांत वरच्या जागांवर 95 ते 97 टक्के पुरुष आहेत, असं त्याच्या 1995 च्या अहवालात नोंदलेलं आहे. तोवर दोष छताचा होता. पुढच्या आठ-दहा वर्षांत तो छताखाली उभ्या असलेल्या बाईच्या जिभेवर येऊन बसला.

त्याला निमित्त झालं 2003 मधलं एक पुस्तक. एका अमेरिकन विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेऊन नोकरीला लागलेल्यांपैकी 57 टक्के पुरुषांनी पहिल्या ऑफरवर वाढवून मागितलं होतं, बायकांपैकी फक्त 7 टक्क्यांनी. पुरुषांचा सुरुवातीचा पगार सरासरी 7.6 टक्के जास्त होता. आकडे सुटसुटीत, निष्कर्ष त्याहून सुटसुटीत: तोंड उघडा, पैसे मिळतील. कंपन्यांनाही हे सोयीचं होतं. प्रशिक्षणाचे दोन दिवस ठेवले की झालं, पगाराच्या रचनेला हात लावायला नको.

सगळा घोळ ‘मागणे’ या एका शब्दात आहे. ऑफर लेटर हातात असताना आकडा वाढवून मागणं वेगळं, ज्याच्या हाताखाली चार वर्षं काम केलं त्या साहेबासमोर बसून पगारवाढीचा विषय काढणं वेगळं, आणि बढतीसाठी आपलं नाव पुढे करणं त्याहून वेगळं. पहिल्यात फार तर नकार मिळतो. दुसऱ्यात नकार पचवून उद्या त्याच माणसाशी काम करायचं असतं. अभ्यासांमध्ये हे तिन्ही एकाच शब्दाखाली मोजले गेले. शिवाय अर्धवेळ नोकरीत मागायला मुळात जागाच कमी असते आणि अर्धवेळ नोकऱ्यांत बायका जास्त, हेही बरीच वर्षं हिशेबात धरलं गेलं नाही. आपल्या भाषेतही या शब्दाला दोन पदर आहेतच. हक्काचं मागणं आणि हात पसरणं. कोण मागतंय त्यावर ऐकणारा पदर निवडतो.

2018 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सुमारे 4,600 कर्मचाऱ्यांच्या माहितीवर एक शोधनिबंध आला. त्यात कामाचे तास जमेस धरले होते. बायका पुरुषांइतक्याच वेळा मागतात, असं निघालं. फरक होता तो मिळण्यात: मागणाऱ्या पुरुषांपैकी 20 टक्क्यांना मिळालं, बायकांपैकी 15 टक्क्यांना. 2024 मध्ये एका अमेरिकन अभ्यासात तर व्यवस्थापनाची पदवी घेतलेल्या बायकांपैकी 54 टक्क्यांनी वाटाघाट केल्याचं दिसलं, पुरुषांपैकी 44 टक्क्यांनी. कार्यशाळांतलं वाक्य मात्र अजून 2003 चंच आहे.

मागितल्यावर काय होतं, याचा पुरावा 2007 च्या प्रयोगांत होता. तीच मागणी पुरुषाने केली आणि बाईने केली, तर बाईसोबत काम करायची इच्छा ऐकणाऱ्यांत जास्त घटली. साध्या भाषेत: तो ठाम, ती आगाऊ.

खरं तर हे सगळं 1989 मध्येच एका खटल्याच्या कागदपत्रांत आलेलं होतं. खटला भरणारी एका मोठ्या लेखा-सल्लागार फर्ममध्ये होती; 1982 मधल्या 88 उमेदवारांत भागीदारीसाठी सुचवलेली ती एकटीच बाई. आधीच्या 662 भागीदारांत बायका 7. कोट्यवधी डॉलरचं सरकारी काम तिने आणलेलं. तरी निर्णय लांबणीवर पडला, आणि वरिष्ठाचा सल्ला काय, तर चालणं-बोलणं जरा बायकी ठेव, मेकअप कर, केसांकडे लक्ष दे, दागिने घाल. दुसऱ्या एकाने शिष्टाचाराच्या वर्गाला जायला सुचवलं होतं. ज्या आक्रमकपणाशिवाय काम होत नाही तोच बाईत खपवून घ्यायचा नाही, ही कोंडी कायद्याला मान्य नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बजावलं. पुढे कनिष्ठ न्यायालयाच्या आदेशाने तिला भागीदारी मिळाली. वाटाघाटीच्या पुस्तकांत या खटल्याला जेवढी जागा मिळायला हवी होती तेवढी मिळाली नाही, असं माझं मत.

नंतरची पावलं बाईला शिकवण्यापेक्षा खेळाचे नियम बदलण्याकडे वळली. 2012 मध्ये जाहीर झालेल्या एका प्रयोगात जाहिरातीत ‘पगार चर्चेने ठरेल’ एवढं लिहिल्यावर मागण्यातला बाई-पुरुष फरक जवळजवळ मावळला. 2015 मध्ये एका बड्या इंटरनेट कंपनीने नव्या नेमणुकांतली पगाराची घासाघीसच बंद केली. 2016 मध्ये मॅसॅच्युसेट्सने नोकरी देऊ करण्याआधी ‘आधीचा पगार किती?’ हे विचारायला बंदी घातली. एका जागी कमी मिळालेला पगार जन्मभर मागे लागतो तो याच प्रश्नामुळे. युरोपीय संघाच्या 2023 च्या निर्देशात हीच बंदी आहे, शिवाय सुरुवातीच्या पगाराचा पट्टा, म्हणजे कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडा, उमेदवाराला आधी कळवणं बंधनकारक आहे. सदस्य देशांना त्यासाठी 7 जून 2026 ची मुदत दिली गेली.

नोकरीच्या जाहिरातीत पट्टा छापायचा नियम न्यूयॉर्क शहरात 1 नोव्हेंबर 2022 पासूनच लागू आहे. पहिल्या काही दिवसांतच अशा जाहिराती झळकल्या, ज्यांत खालच्या आणि वरच्या आकड्यात एक लाख डॉलरहून जास्त अंतर होतं. त्या पट्ट्यात नेमकं कुठे बसायचं, ते ठरवायला पुन्हा साहेबासमोरची तीच खुर्ची.