जुन्या एचपीएलसीचा पंप प्रेशर धरत नाही? नवीन पंपाचं कोटेशन मागवायच्या आधी एवढं बघा

एचपीएलसी म्हणजे द्रव नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन. ते शिमाझूचं एलसी-१० असो नाहीतर अ‍ॅजिलेंटचं ११००, प्रेशर खालीवर व्हायला लागलं की लॅबमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं, "पंप गेला". आम्ही जुनी मशीनंच दुरुस्त करतो म्हणून सांगतो, मोटर आणि बोर्ड बऱ्याचदा ठणठणीत असतात, दुखणं असतं ते बाटली ते पंप हेड या पट्ट्यातल्या बारीकसारीक पार्टमध्ये, आणि त्यातलं बरंचसं तुमच्या अ‍ॅनालिस्टला स्वतः तपासता येतं.

सुरुवात बाटलीपासून करा. पंप बंद करून इनलेट ट्यूब पंपाकडून सोडवा, बाटली वर असेल आणि ट्यूब भरलेली असेल तर मोबाईल फेज (मशीनमधून वाहणारा द्रावक) आपोआप ठिबकायला हवा, नसेल ठिबकत तर बाटलीतला फिल्टर काढून परत बघा, मग ठिबकला म्हणजे फिल्टर चोक आहे. (फिल्टर काचेचा असेल तर सोनिकेटरमध्ये टाकू नका, खराब होतो.) इथे सगळं ठीक असेल तर पर्ज व्हॉल्व्ह उघडून नीट पर्ज करा (म्हणजे द्रव जोरात सोडून आतली हवा बाहेर काढा), हवेचा बुडबुडा हेडमध्ये अडकला असेल तर त्यानेच जाईल.

पर्ज करूनही प्रेशर पिस्टनच्या प्रत्येक स्ट्रोकला ठेक्यात नाचतंय? मग चेक व्हॉल्व्ह बघा. आत रुबीचा बारीक गोळा असतो, तो सफायरच्या सीटवर घट्ट बसला तरच द्रव उलटा येत नाही. नुसतं असिटोनायट्राईल चालवणाऱ्या लॅबमध्ये या सीटवर चिकट थर बसतो आणि गोळा चिकटून राहतो, बाहेरून व्हॉल्व्ह अगदी नवा दिसतो त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. व्हॉल्व्ह न उघडता तसाच आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोल) १५ मिनिटं सोनिकेट करा, परत बसवताना बाणाची दिशा बघा, प्रवाह खालून वर. त्या लाईनच्या असिटोनायट्राईलमध्ये ५ टक्के पाणी घालायची सवय लावली तर हा त्रास पुष्कळ कमी होतो, मात्र मेथडमध्ये त्याचा हिशोब धरा.

प्रेशर हळूहळू उतरतंय, रिटेन्शन टाइम (घटक कॉलममधून, म्हणजे ते वेगळे होतात त्या नळीतून, बाहेर यायला लागणारा वेळ) पुढे सरकतोय, आणि हेडच्या मागे ओल किंवा पांढरी पापडी दिसतेय, तर पिस्टन सील गेलं समजा. ती पापडी म्हणजे बफरचं (मोबाईल फेजचा पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचं) मीठ, तेच सील खातं. सील बदलताना पिस्टन उजेडात फिरवून बघाच, ओरखडा असेल तर पिस्टनही बदला नाहीतर नवीन सील काही दिवसांतच गळेल, आणि हेड काढताना सरळ ओढा, वाकडं ओढलं की सफायरचा पिस्टन कट्कन मोडतो. नवीन सील कोरडं बसवू नका, आयपीएत भिजवून बसवा.

उलट प्रेशर चढत असेल तर पंपाला दोष द्यायच्या आधी कॉलम काढून तिथे युनियन (दोन नळ्या जोडणारा जोड) लावा. प्रेशर पडलं तर चोक कॉलममध्ये आहे.

एक कळकळीची विनंती, शनिवारी संध्याकाळी मशीन बफरवर सोडून घरी जाऊ नका. आधी पाणी, मग ५०:५० मेथनॉल-पाणी. फॉस्फेट बफरवरून थेट असिटोनायट्राईलवर उडी मारली तर मीठ पंपातच साका धरतं. सील वॉश (सीलची मागची बाजू धुणारी सोय) असेल तर १० टक्के आयपीए भरून ठेवा, बाटली कोरडी दिसली तर लगेच भरा.

काम झाल्यावर फ्लो तपासा: कॉलम लावून १ मिली प्रति मिनिटावर १० मिलीचा व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क १० मिनिटांत भरला पाहिजे. लॉगबुकमध्ये लिहा, ऑडिटला विचारतात.

एवढं करूनही जमलं नाही तर आम्हाला कळवा. मॉडेल नंबर, मोबाईल फेज काय आहे, सील शेवटचं कधी बदललं आणि प्रेशर ग्राफचा एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅप करा, म्हणजे येताना बरोबर पार्ट घेऊनच येऊ. हेडचा फोटो मात्र पुसायच्या आधी काढा, पापडी कुठल्या बाजूला आहे त्यावरून आम्हाला अर्धं कळतं.