एवढासा इलेक्ट्रॉन रेणू फोडतो कसा?

इलेक्ट्रॉन हवेच्या रेणूवर आपटतो आणि रेणू फुटतो असं वाचलं की डोळ्यासमोर हातोड्याने दगड फोडल्याचं चित्र येतं, माझ्याही बरेच दिवस यायचं, पण ते साफ चुकीचं आहे. नायट्रोजनचा रेणू इलेक्ट्रॉनपेक्षा जवळपास ५१ हजार पट जड. नुसता धक्का दिला तर रेणू ढिम्म हलत नाही, इलेक्ट्रॉनच दिशा बदलून निघून जातो आणि त्याची एनर्जी जवळजवळ सगळी त्याच्याकडेच राहते.

मग फुटतो कसा? दोन अणूंना धरून ठेवणारे असतात ते रेणूतलेच इलेक्ट्रॉन, आणि बाहेरून आलेला पाहुणा छेडतो तो त्यांना. १० इलेक्ट्रॉन-व्होल्टचा (हे एनर्जीचं इवलंसं माप) इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे १९०० किलोमीटर पळतो, तो रेणूपाशी येऊन पार निघून जातो तेवढ्या वेळात अणूंचं एक कंपनसुद्धा धड सुरू होत नाही. म्हणजे टक्कर होऊन गेली तरी अणू बिचारे होते तिथेच, फक्त त्यांच्यामधल्या इलेक्ट्रॉनची मांडणी बदललेली, आणि ही नवी मांडणी दोघांना धरणारी नसून ढकलणारी निघाली की मग दोन्ही अणू सुसाट सुटतात. म्हणूनच ऑक्सिजनचा बंध तोडायला हिशोबाने ५.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात, पण इलेक्ट्रॉनच्या टकरीत बहुतेक वेळा ८ च्या आसपास तरी खर्ची पडतात, वरची एनर्जी सुटलेले अणू घेऊन जातात. नायट्रोजनचा तिहेरी बंध त्याहून चिवट, ९.८ चा. ठिणगी उडाल्यावर जो ओझोनचा उग्र वास येतो तो या सुट्या ऑक्सिजन अणूंचाच उद्योग, ते शेजारच्या ऑक्सिजन रेणूला जाऊन चिकटतात.

दर वेळी रेणू फुटतोच असं नाही. कधी नुसता उत्तेजित होतो, म्हणजे जादा एनर्जी घेऊन बसतो, कधी त्याचा एखादा इलेक्ट्रॉन उडतो, म्हणजे आयनीकरण होतं (नायट्रोजनला त्यासाठी १५.६ लागतात). टक्कर ठराविक मापातच एनर्जी घेते हे १९१४ मध्ये फ्रँक आणि हर्ट्झ या भौतिकशास्त्रज्ञांनी पाऱ्याच्या वाफेत दाखवलं, ४.९ व्होल्टला. गंमत म्हणजे सुरुवातीला त्यांना वाटलं होतं की हे आयनीकरणच आहे, नुसतं उत्तेजित होणं नव्हे! नोबेल मिळालं तरीही, १९२५ चं.

हे सगळं एकदम बघायचं तर ध्रुवीय प्रकाश, ध्रुवांजवळच्या आकाशात दिसणारा रंगीत उजेड. वरून १० हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टचा एक इलेक्ट्रॉन आला की हवेत थांबेपर्यंत सुमारे ३०० आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले कण) करून जातो, आणि त्यातून सुटलेले हळू इलेक्ट्रॉनच पुढची बरीचशी तोडफोड करतात. हिरवा रंग ऑक्सिजन अणूचा, ५५७.७ नॅनोमीटर, उत्तेजित झाल्यावर साधारण पाऊण सेकंदात बाहेर पडणारा. लाल रंगाला मात्र पावणेदोन मिनिटांच्या वर वेळ लागतो, आणि खाली दाट हवेत एवढा वेळ निवांत राहू देतो कोण, दुसरा कुणीतरी रेणू आधीच येऊन आपटतो आणि ती एनर्जी काढून घेतो, म्हणून लाल दिसतो तो साधारण २०० किलोमीटरच्या वरच.