आकडा सांगणाऱ्याचे काय अडकले आहे? माहिती संकलनाची नाशिककडची पार्श्वभूमी

संशोधन पद्धतीच्या क्रमिक पुस्तकांत निरीक्षण, प्रश्नावली, मुलाखत, नमुना निवड ही नावे अशी येतात, की जणू कुणी वर्गात बसून ती शोधून काढली. आपल्याकडे तरी यातल्या बऱ्याच पद्धती सारा ठरवताना, पिकाचा अंदाज बांधताना आणि माणसे मोजताना घडत गेल्या. प्रत्येक वेळी अडचण एकच होती. जो आकडा सांगतो, त्याचे त्या आकड्यात काहीतरी अडकलेले असते.

नाशिककडे फार जुनी नोंद पाहायची तर पांडवलेणीच्या दहाव्या लेण्यात जावे. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायमचे ठेव म्हणून ठेवले, त्यातले २,००० विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. म्हणजे वर्षाला २४०. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा, म्हणजे पुन्हा २४०. हिशेब जुळतो! हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवला आणि फलकावर नोंदवला, असेही लेख सांगतो. दात्याला आपले दान बुडू द्यायचे नव्हते, म्हणून त्याने सगळे दगडात कोरून ठेवले. आज त्याच ओळींवरून अभ्यासक त्या काळातला व्याजदर सांगतात. दुसऱ्याच्या कामासाठी झालेली नोंद आपल्या कामाला लावणे, म्हणजेच दुय्यम साधन, ते हे. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांनाही हेच लागू पडते. त्या यजमान ओळखण्यासाठी लिहिल्या गेल्या, वंशावळी शोधणाऱ्यांच्या उपयोगी पडतात.

पद्धतीचा खरा कस लागला तो जमीन महसुलात. पेशवाई गेल्यावर १८२० च्या दशकात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे भागात प्रत्येक जमिनीचे उत्पन्न आणि खर्च काढून निव्वळ नफा ठरवायचा घाट घातला. कल्पना अर्थशास्त्राच्या पुस्तकातून आलेली आणि कागदावर निर्दोष. पण उत्पन्न सांगणार कोण? शेतकरी कमी सांगणार, कारकुनाचा हात ओला झाला की आकडा बदलणार. सारा अवाच्या सवा बसला, जमिनी पडीक पडल्या. १८३५ पासून इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी तो नाद सोडला. उत्पन्न विचारायचेच नाही, माती पाहायची. खणून खोली मोजायची, मातीचा प्रकार ठरवायचा आणि चुनखडी, वाळू, उतार, पाण्याचा लोंढा असे दोष दिसतील तशी प्रत उतरवायची. कारकुनाने लावलेली प्रत वरचा अधिकारी काही शेतांवर स्वतः जाऊन पुन्हा ताडून पाही. नाशिक तेव्हा नगरच्या कलेक्टरीत होते, वेगळा जिल्हा झाला तो १८६९ मध्ये. १८४० च्या दशकात हीच पद्धत नाशिककडच्या देशावरच्या तालुक्यांतही आली. जे हवे ते मोजता येत नसेल, तर त्याच्याशी बांधलेले आणि डोळ्यांना दिसणारे काहीतरी मोजावे, हा धडा त्यात आहे. माझ्या मते, आपल्या भागात संशोधन पद्धतीला मिळालेली ही सर्वांत मोठी देणगी. ती सारा वसूल करणाऱ्यांकडून मिळाली, हे थोडे अडचणीचे वाटते खरे.

पुढची काही वर्षे झपाट्याची. १८८१ च्या १७ फेब्रुवारीच्या रात्री देशभर एकाच वेळी खानेसुमारी झाली. १८८३ मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिकवरचा सोळावा खंड निघाला.

कलेक्टर जॅक्सन यांना २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातल्या, हे नाशिकच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. हेच जॅक्सन गुजरात आणि कोकणातल्या लोकसमजुती गोळा करत होते, हे कमी जणांना माहीत असते. त्यांच्या मृत्यूनंतर एन्थोवेन या दुसऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्याने ती सामग्री १९१४-१५ च्या सुमारास छापली. गावोगावच्या शाळामास्तरांनी कळवलेली ही माहिती, आणि तळटीपांत अमुक गावचा मास्तर असा उल्लेख. प्रत्येक समजुतीला गाव चिकटवलेले आहे, त्यामुळे ती आजही तपासता येते. मात्र मास्तर सरकारी पगारावरचा. साहेबाला गावातल्या भुताखेतांविषयी काय लिहून पाठवावे आणि काय गाळावे, हे त्याने ठरवले असणारच. घरबसल्या मागवलेल्या उत्तरांचे हे दुखणे गूगल फॉर्मलाही सुटलेले नाही.

घरोघर जाऊन विचारण्याची वाट पुण्याकडून आली. हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागरची पाहणी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली. तिचे पहिले संचालक, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचा जन्म नाशिकचा.

नमुना निवडीवरचा मोठा वाद मात्र पिकावरून झाला. बंगालमध्ये संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारख्या निवडलेल्या, नमुन्याने पिकांचा अंदाज काढायला सुरुवात केली. त्यांची माणसे शेतात दोन-चार फूट त्रिज्येचे छोटे वर्तुळ आखून कापणी करत. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे यांनी यावर बोट ठेवले. छोट्या वर्तुळात उत्पन्न फुगते. का, ते साध्या गणिताने कळते. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे साडेबारा चौरस फूट आणि परीघही सुमारे साडेबारा फूट. ३३ फूट बाय साडेसोळा फुटांच्या तुकड्याचे क्षेत्रफळ साधारण ५४४ चौरस फूट आणि कड अवघी ९९ फूट. कडेवरचे ताट आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. तुकडा जितका लहान, तितका या ओढीचा वाटा मोठा. यात लबाडी नाही. म्हणूनच ही ओढ पकडायला कठीण.

आजच्या पीक कापणी प्रयोगात बाजरी, सोयाबीनसारख्या पिकांसाठी साधारण १० मीटर बाय ५ मीटरचा तुकडा घेतात. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून यादृच्छिक आकड्यांइतकी पावले मोजून जागा ठरते. चांगले पीक दिसले तिथे काठी रोवायची सोय नाही. तरीही शिवारात वातावरण तंग असते. पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या मानाने यंदा किती पैसे पीक आले याचा अंदाज, ५० च्या आत आली तर टंचाईच्या सवलती, विम्यासाठी ठरवलेल्या उंबरठा उत्पन्नापेक्षा पीक कमी भरले तर भरपाई. कापणीला विमा कंपनीचा माणूस उभा, गावकरी उभे, आणि वजनकाट्याकडे सगळ्यांचे डोळे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकऱ्यानेच मोबाइल अ‍ॅपवर बांधावरून फोटोसह पिकाची नोंद करायची असते. तलाठ्याची चूक यात टळते. सांगणारा आणि लाभधारक मात्र एकच होतो.

गर्दी मोजणे अजून कच्चेच आहे. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ जणांचा जीव गेला. २०१५ मध्ये पावलांचा दाब ओळखून माणसे मोजणाऱ्या चटईचा प्रयोग नाशिकच्याच एका शाळकरी मुलाने करून पाहिला. एरवी पर्वणीचे लाखांतले आकडे जाहीर होतात, पण ते कसे काढले हे सहसा कुणी सांगत नाही. प्रशासनाला मोठा आकडा सोयीचा असतो, निधी मागतानाही आणि यश सांगतानाही. आता जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नाशिकला अमृतस्नाने आहेत. त्या दिवसांच्या आकड्याशेजारी कुठे उभे राहून, कितीदा आणि कशाने मोजले, एवढे छापले तरी पुढच्या सिंहस्थाच्या अभ्यासकाचे काम हलके होईल.