सकाळी अकराचं पाणी: उथळ तलाव तपासण्यामागची गोष्ट

सातारा-सांगलीतल्या खटाव, माण, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातल्या एखाद्या तलावाचं पाणी तपासलं की बातमी साधारण एकच येते: नमुने घेतले, अहवाल समाधानकारक. आणि मग एखाद्या उन्हाळ्यात, ढगाळ रात्रीनंतरच्या पहाटे, काठाला मेलेल्या चिलापी माशांचा पांढरा खच पडलेला दिसतो. गावात लगेच चर्चा, कुणीतरी औषध टाकलं. कधी कधी टाकलेलं असतंही. पण अहवाल खरा आणि विषही नाही, असंही होऊ शकतं. ते कसं, हे कळायला आपण वापरतो त्या चाचण्या मुळात कशासाठी तयार झाल्या ते बघावं लागतं.

आधी आपले तलाव. १८७६-७८ च्या दुष्काळात या भागात लोकांना काम द्यायचं म्हणून मातीची मोठमोठी कामं निघाली. माण नदीवरचा राजेवाडीचा तलाव, ज्याला म्हसवडचा तलावही म्हणतात, त्यातलाच. मायणीचा तलावही ब्रिटिश अमदानीतला. हेतू एकच, शेताला पाणी. जमिनीला उतार कमी, म्हणून पाणी पसरलं फार आणि साचलं कमी खोल. त्यात वरच्या माळावरची माती दर पावसाळ्यात वाहून येते. मायणीचा तलाव असाच गाळाने भरत गेला, आणि भरला म्हणूनच तिथे रोहित (फ्लेमिंगो) उतरू लागले. रोहित पक्ष्याला उभं राहून, चोच उलटी करून चिखलपाणी गाळायचं असतं. पुरुषभर खोल पाणी त्याच्या काय कामाचं? सिंचनाच्या हिशेबाने तलाव निकामी झाला तेव्हा पक्ष्यांच्या हिशेबाने कामाचा झाला. २०२१ मध्ये मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडी अशा इथल्या पाणवठ्यांना मिळून पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. दुसरीकडे २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही गाळ काढून शेतात टाकायची सरकारी योजना आहेच. एकाच गाळाला दोन मालक.

आता चाचण्या. सगळ्यात जुनी आणि सोपी म्हणजे पाणी किती नितळ आहे ते मोजणारी सेक्की तबकडी. १८६५ मध्ये पोपच्या जहाजावरून अँजेलो सेक्की या खगोलशास्त्रज्ञ पाद्रीने भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या सोडून त्या किती खोलीवर दिसेनाशा होतात ते मोजलं. काळे-पांढरे चार पाव पाडले ते नंतर, १८९९ मध्ये, जॉर्ज व्हिपल या अमेरिकन माणसाने. रंगाच्या डब्याचं झाकण, त्याला वजन आणि वीतभर अंतरावर गाठी मारलेली सुतळी, एवढ्यावर काम होतं. मी करून बघितलंय. पण ही कल्पना समुद्राची. मार्चमधल्या उथळ तलावात तबकडी दिसेनाशी व्हायच्या आत तळाच्या चिखलात टेकते, आणि टेकताना उठलेल्या गढुळाने पुढचं मापही बिघडतं.

दुसरी चाचणी विरघळलेल्या प्राणवायूची, आणि ही मला सगळ्यात देखणी वाटते. बुडापेस्टच्या लायोश विंकलरने ती १८८८ मध्ये दिली, तेव्हा तो पंचविशीत होता. काचेची बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भरायची, आत एक बुडबुडाही राहता कामा नये. त्यात आधी मँगनीज सल्फेट, मग आयोडाइड मिसळलेला अल्कली. बूच लावून उलटसुलट केली की आत साका धरतो. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी, नसेल तर पांढराफेक. उत्तर तिथेच, काठावर बसल्या बसल्या दिसतं. पुढचं फक्त मोजमाप. आम्ल घातलं की साका विरघळून पाणी चहासारखं पिवळं-तांबूस होतं. त्यात थेंबथेंब थायोसल्फेट सोडायचं, शेवटी स्टार्च घालून निळं करायचं आणि ज्या थेंबाला निळा रंग उडाला तिथे ब्युरेट, म्हणजे मापाच्या खुणा असलेली काचनळी, वाचायची. आज मीटर आलेत. पण वेळेवर कॅलिब्रेट न केलेल्या मीटरपेक्षा मी अजूनही या बाटलीवर जास्त विश्वास ठेवतो.

चूक बाटलीत नाही, घड्याळात आहे. हिरव्यागार उथळ तळ्यात शेवाळ दिवसभर प्राणवायू सोडतं. दुपारी पाणी त्याने भरून ओसंडतं. सूर्य मावळला की तेच शेवाळ, मासे आणि तळचा कुजणारा गाळ मिळून तो ओढून घेतात, आणि सगळ्यात कमी प्राणवायू उजाडायच्या आत असतो. आदल्या दिवशी आभाळ आलेलं असेल तर शिल्लक आणखी कमी. नमुना घेणारी गाडी तालुक्याहून निघून काठावर पोचते तोवर अकरा वाजतात. तपकिरी साका, उत्तम पाणी.

तिसरी बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजायला किती प्राणवायू लागतो ते. इंग्लंडच्या सांडपाणी आयोगाने १९१२ च्या अहवालात ती पाच दिवसांची ठरवली. कारण म्हणून असं सांगतात की तिथली नदी समुद्राला मिळायला पाच दिवसांहून जास्त घेत नाही. आपल्या उन्हात बाटली २० अंशांवर ठेवणं अवघड, म्हणून भारतीय पद्धतीत २७ अंशांवर तीन दिवस आले. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे वापरानुसार अ ते ई वर्ग पाडले, त्यांच्या तक्त्यात पाच दिवस आणि २० अंशच आहेत. त्या तक्त्यात मासे आणि वन्यजीवांसाठीचा वर्ग ‘ड’: प्राणवायू लिटरला ४ मिलिग्रॅम किंवा जास्त, मुक्त अमोनिया १.२ किंवा कमी. किती वाजता, हे तक्ता विचारत नाही. कायद्याच्या बाबतीत महाराष्ट्र मागे नव्हता. १९७४ च्या केंद्रीय जल कायद्याआधी राज्याने १९६९ चा कायदा करून १९७० मध्ये प्रदूषण मंडळ उभं केलं. मात्र तेव्हाची काळजी कारखान्यांची आणि नद्यांची होती. गावतळ्याकडे बघायला कुणाला सवड होती?

तळं हिरवं का होतं, याचा निकाल कॅनडात लागला. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलरने ऑन्टारिओतल्या एका तळ्याच्या मध्यावर पडदा लावला. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन, दुसऱ्यात त्यासोबत फॉस्फरस. दोन महिन्यांत फक्त दुसरा भाग हिरवा. आपल्याकडे उरमोडी-टेंभू या सिंचन योजनांचं पाणी आलं, ऊस आला, फॉस्फरस असलेलं खत आलं, गटारात साबण तर होताच. पण उथळ तळ्यासाठी खरी उपयोगाची मांडणी १९९३ ची. मार्टन शेफर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की उथळ तळं दोनच अवस्थांत टिकून राहतं: पाणवनस्पती असलेलं स्वच्छ, नाहीतर शेवाळाचं गढूळ. एकदा गढूळ झालं की खत थोडं कमी करून ते परत येत नाही. तळ उकरणारे मासे काढले तर येऊ शकतं, असं नेदरलँड्समध्ये दिसलं. आपल्या तलावांत सायप्रिनस हा मासा हेच उकरण्याचं काम करतो.  चिलापी १९५२ मध्ये देशात आणली गेली आणि आता काढता निघत नाही.

जीवांवरून पाणी ओळखायची रीत जर्मनीची, कोल्कविट्झ आणि मार्सन यांची, १९०८-०९ ची. पाण्याचा नमुना त्या क्षणाचं सांगतो, चिखलातले किडे गेल्या कित्येक आठवड्यांचं. मूठभर गाळ पांढऱ्या ताटलीत घेऊन बघा. नुसत्या तांबड्या अळ्या वळवळत असतील, तर समजा तळाशी प्राणवायू वरचेवर संपतो. त्या अळ्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या तगतात. मेफ्लाय या पाणकिड्याची पिल्लं सापडली तर बरं चाललंय. पक्षी मोजणं आपल्याकडे उत्साहाने होतं, पण रोहित आले म्हणजे पाणी शुद्ध, हे चुकीचं. त्यांना चिखलपाणीच लागतं.

उजाडायच्या आत बाटली भरायची तर आदल्या रात्री काठावर मुक्काम करावा लागतो. त्या वेळी तिथे जाळी काढायला आलेले भोईच असतात. मासे प्राणवायूसाठी वर येऊन तोंड मारायला लागले की ते त्या दिवशीची जाळी लवकर ओढून घेतात.